बाळाला गुंगी नको, आईला सोबत हवी

प्रवासात त्रास होऊ नये म्हणून औषध मागायला येणारी माणसे आम्हा डॉक्टरांना नवीन नाहीत. चिखलदऱ्याच्या घाटात कुणाला उलटी होते, पंढरपूरच्या एसटीत कुणाचे पाय सुजतात, तीर्थयात्रेत कुणाचे पोट बिघडते. त्यासाठी दोन गोळ्या बांधून देणे हे वऱ्हाडातील कोणत्याही दवाखान्याचे नेहमीचेच काम आहे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या प्रवासाची भर पडली आहे. मुलगी आखातातून, सिंगापूरहून किंवा युरोप-अमेरिकेतून पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. जावयाची रजा बारशापर्यंत संपते व ते परत जातात. बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत चार-सहा महिने निघून जातात. मग एके दिवशी ही मुलगी कडेवर बाळ घेऊन एकटीच विमानात बसते.

निघण्याच्या आठवड्यात घरातील कुणी तरी वडीलधारे दवाखान्यात येते आणि आवाज थोडा खाली आणून विचारते, "डाक्टरसाहेब, पोट्टं विमानात झोपून राहीन असं काही लिहून द्या ना. रडलं तं सारं विमान जागं होईन. लोकं काय म्हन्तीन?" माझा दवाखाना अमरावतीला आणि नातेगोते अकोल्याला, त्यामुळे राजापेठेतून होणारी ही विचारणा जठारपेठेतूनही तशीच होते. माझे उत्तर दोन्हीकडे एकच असते. बाळाला झोपेचे औषध मिळणार नाही. मात्र एवढे सांगून डॉक्टरचे काम संपत नाही, कारण विचारणाऱ्यांची अडचण खरी असते. औषधाने ती सुटत नाही, इतकेच. ती कशाने सुटते, हे आज सविस्तर सांगावयाचे आहे.

गुंगीची जुनी सवय

रडणाऱ्या मुलाला गुंगी देण्याची कल्पना विमानाबरोबर आलेली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक आया तान्ह्या मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' देऊन जात असत. त्या आया निर्दय नव्हत्या. दिवसभर मुलाला सांभाळायला घरी माणूस नव्हते, म्हणून माणसाच्या जागी गोळी आली. आपल्याकडेही 'आज जायफळाचे दोन वेढे जास्त दे, म्हणजे निजेल' असे सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. जायफळ गुटीत नखभर ठीक, पण ते जास्त झाले की बाळाला विषबाधा होऊ शकते, हे कुणी सांगत नाही.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या ठिकाणी मुलाला धरणारा हात कमी पडतो, त्या ठिकाणी औषधाची बाटली पुढे येते. गिरणीत तेच झाले, विमानातही तेच होऊ पाहत आहे.

ही औषधे बाळाला काय करतात?

झोपेसाठी म्हणून जी औषधे मागितली जातात, ती बहुतेक सर्दी, ॲलर्जी किंवा उलटीवरची असतात. गुंगी हा त्यांचा मूळ गुण नसून दुष्परिणाम आहे. यापैकी प्रोमेथाझीन हे औषध आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. दोन वर्षांखालील मुलांमध्ये या औषधाने श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो, असा कडक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्याच्या वेष्टनावर छापायला लावला. आपल्या देशातही क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीच्या मिश्रणावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' अशी सूचना छापण्याचे आदेश डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी दिले.

सिरपची बाटली निरुपद्रवी असते, हा समज तर २०२५ साली आपल्या शेजारीच खोटा ठरला. वरुडपासून फार दूर नसलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याचे दूषित सिरप पोटात जाऊन वीसहून अधिक लहान मुले दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे विष सापडले. तो प्रकार भेसळीचा होता, गुंगीचा नव्हता, हे मान्य. पण त्यानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जे सांगितले ते आपल्या विषयालाही लागू पडते. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची सिरप देऊ नयेत व पाच वर्षांखालीही ती सहसा वापरू नयेत. आजारी मुलाला जे टाळायचे, ते धडधाकट मुलाला केवळ शेजारच्या प्रवाशाची झोप मोडू नये म्हणून कसे द्यायचे?

विमानात हा धोका अधिक वाढतो. विमान ३५ हजार फुटांवर उडत असले तरी आतील हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तसा ठेवलेला असतो. आपले चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या थोडे वर आहे. म्हणजे बाळ जवळजवळ दुप्पट चिखलदऱ्यावर बसून असते. रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो. निरोगी बाळाला ते जाणवतही नाही. परंतु गुंगीतील बाळाची मान छातीवर वाकली, श्वासाची वाट अरुंद झाली, तर ते स्वतःहून मान उचलत नाही. केबिनमध्ये दिवे मंद केलेले असतात आणि आई थकून पेंगत असते. बाळ शांत निजले आहे की त्याचा श्वास अडतो आहे, हे कळायलाच उशीर होतो. शिवाय काही मुलांवर या औषधांचा नेमका उलटा परिणाम होतो. मूल झोपण्याऐवजी चेकाळते आणि सहा तास आवरत नाही.

बाळ रडते कशाने?

विमानात बाळ रडण्याची कारणे समजून घेतली तर अर्धी भीती जाते. पहिले कारण कान. विमान उतरू लागले की केबिनमधील दाब वाढतो व कानाचा पडदा आत ओढला जातो. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो आणि कान मोकळा होतो. बाळाची घशातून कानात जाणारी नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते व गिळायचे असते हे त्याला ठाऊक नसते. म्हणून उतरण्याच्या अर्धा तास आधीपासून बाळाला जागे ठेवावे आणि पाजावे. अंगावरचे दूध सर्वांत उत्तम. बाटली, वाटी-चमचा किंवा मोठ्या मुलास पाण्याचे घोट चालतील. थोडे रडले तरी घाबरू नये. रडतानाही मूल गिळते आणि कान मोकळे होतात.

दुसरे कारण तहान. विमानातील हवेत दमटपणा वीस टक्क्यांहूनही कमी असतो, म्हणजे अकोल्याची मे महिन्यातील दुपारच समजा, फक्त थंड केलेली. घसा व नाक कोरडे पडते. सहा महिन्यांखालील बाळाला वारंवार अंगावर पाजणे पुरेसे आहे, वरचे पाणी लागत नाही. तिसरे कारण म्हणजे कंटाळा, ओला लंगोट आणि अनोळखी माणसे. यावर औषधांच्या दुकानात काही मिळत नाही. यावर कुणाचा तरी मोकळा खांदा लागतो.

बाया पूर्वीही गेल्या आहेत

आता विषय आईचा. 'एकटी बाई, पदरात लेकरू, एवढा लांबचा प्रवास, जमेल का तिला?' असे घरात बोलले जाते. जमेल. मूल घेऊन समुद्रापार जाणारी मराठी स्त्री आजची नाही. पंडिता रमाबाई १८८३ च्या एप्रिल महिन्यात मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाल्या. पती वारून जेमतेम वर्ष झाले होते आणि मुलगी मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. इंग्लंडला जाऊन वैद्यकीय शिक्षण घ्यावे असे त्यांच्या मनात होते, पण कानांनी कमी ऐकू येत असल्याने ते घडले नाही. पुढे १८८६ साली, पाच वर्षांचीही न झालेल्या मनोरमेला घेऊन त्या अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाला डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला हजर राहिल्या. तो दिवस ११ मार्च १८८६ चा.

हे उदाहरण केवळ अभिमानासाठी दिलेले नाही. त्या प्रवासात दोन गोष्टी होत्या, ज्या आजच्या प्रवासात नाहीत. इंग्लंडच्या बोटीवर रमाबाईंच्या सोबतीला एक मैत्रीण होती, मूल दुसऱ्या हातात देता येत होते. आणि प्रवासाला महिनाभराचा अवधी होता. मुंबई आणि लंडन यांच्या घड्याळांत जो साडेचार-साडेपाच तासांचा फरक आहे, तो शरीराला रोज दहा-बारा मिनिटे याप्रमाणे पचवता आला. आजची मुलगी न्यूयॉर्कला गेली तर साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक एका दमात गिळते आणि तोही एकटीने. धैर्यात आजची मुलगी कमी नाही. तिला उसंत कमी मिळते आणि सोबत मिळत नाही.

थकलेली आई हाच खरा धोका

आपल्याकडील तयारी कशी असते पाहा. महिनाभर आधीपासून शेवया, सरगुंडे, कुरड्या, लोणचे, डिंकाचे लाडू यांचे वजन चालू असते. तेवीस किलोच्या बॅगेत शंभर ग्रॅम तरी जास्त मावतील का, यावर चर्चा होते. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते व मुलगी शेवटच्या चार रात्री धड झोपत नाही. मग बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, दिवसभर कुणा नातलगाकडे अवघडून बसणे, संध्याकाळपासून विमानतळाची घाई, तीन-चार तास रांगा आणि मध्यरात्रीनंतर विमान. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, त्याने या वाटेचा एक तुकडा लहान झाला. अकोलेकर मात्र शिवणीच्या धावपट्टीकडे डोळे लावून आहेत. एकूण हिशेब असा की, विमानात पाय ठेवण्यापूर्वीच ही आई तीस तास नीट झोपलेली नसते आणि पुढचे सोळा ते चोवीस तास बाळ तिच्याच मांडीवर असणार असते.

अशी आई बाळाला छातीशी धरून गाढ झोपली, तर बाळ तिच्या आणि आसनाच्या मध्ये दाबले जाऊ शकते. हातातला गरम चहा सांडून बाळ भाजू शकते. ती स्वतः पाणी पीत नाही, कारण बाळ घेऊन स्वच्छतागृहात कसे जायचे हा प्रश्न असतो. पाणी कमी आणि पाय तासन् तास लटकलेले, ही पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्यास पोषक अवस्था आहे. बाळंतपणानंतर पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका विशेष असतो व सिझेरियन झालेल्या बाईला अधिक. पोटरी एका बाजूने सुजली, दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर 'प्रवासाचा शीण' म्हणून सोडून देऊ नये, ताबडतोब डॉक्टर गाठावा. बाळासाठी औषध विचारणाऱ्या दहा घरांपैकी एखादे तरी घर आईच्या पोटरीबद्दल विचारते का? मला तरी तसे घर अजून भेटायचे आहे.

घरच्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, मुंबईला एक दिवस आधी पोहोचा आणि तो दिवस मुलीच्या झोपेसाठी राखून ठेवा. बाळ आजीने सांभाळावे. लग्न ठरवायला, देवदर्शनाला किंवा खरेदीला तो दिवस वापरू नये.

दुसरी गोष्ट, एक बॅग कमी करा. मुलीच्या एका हातात बाळ आहे, हे धरूनच सामान बांधा. लोणचे तिकडेही मिळते.

तिसरी गोष्ट, तिकीट काढतानाच भिंतीलगतची जागा व बाळाचा टांगता पाळणा मागून घ्या. त्याला वजनाची मर्यादा असते व ती कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून आधी विचारावे. विमान हलू लागले की बाळाला पाळण्यातून काढून आपल्या पट्ट्याला जोडलेल्या छोट्या पट्ट्यात बांधावे लागते. ऐपत असेल तर बाळासाठी वेगळे आसन घेऊन त्यावर मान्यताप्राप्त बालखुर्ची बांधणे सर्वांत सुरक्षित. महागडे कपडे व दागिने यांपेक्षा हा खर्च सत्कारणी लागतो. वयस्कर आईवडिलांसाठी आपण चाकाची खुर्ची न चुकता मागतो. तान्हे बाळ असलेल्या एकट्या आईसाठीही विमानतळावर मदतनीस मिळू शकतो, तो आधी सांगून ठेवावा.

चौथी गोष्ट, हातातल्या पिशवीत बाळाचे दूध, खाणे व लंगोट अपेक्षित वेळेच्या दीडपट घ्या, कारण विमाने खोळंबतात. बाळाचे अन्न सुरक्षा तपासणीत अडवत नाहीत, ते वेगळे काढून दाखवावे. आईच्या कपड्यांचाही एक जोड ठेवा. बाळ ओकते ते स्वतःवर नव्हे, आईवर. वजनाप्रमाणे लिहून घेतलेले पॅरासिटामॉल, जीवनजलची पुडी, तापमापक, चिठ्ठी आणि लसीकरणाचे कार्ड एवढा दवाखाना पुरे.

पाचवी गोष्ट, निघण्यापूर्वी आठवडाभर आधी बाळ डॉक्टरांना दाखवा. कान फुटला असेल, ताप असेल, छाती वाजत असेल तर तारीख पुढे ढकलावी. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा दोष असलेले बाळ तज्ज्ञांच्या लेखी सल्ल्याशिवाय नेऊ नये. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात तर निरोगी बाळालाही विमानात नेणे टाळावे.

सहावी गोष्ट जावईबापूंसाठी आहे. विमान उतरले म्हणजे प्रवास संपत नाही. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तासाने सरकते. आठवडाभर बाळ तिकडच्या मध्यरात्री दोन वाजता ताजेतवाने होऊन खेळायला लागेल. विमानतळावर फुले घेऊन येण्यापेक्षा तीन-चार दिवसांची रजा घेऊन ठेवावी, रात्रीचा पहारा स्वतः करावा. बाळाला सकाळच्या उन्हात न्यावे, जेवणाच्या वेळा तिकडच्या धराव्यात. इकडून आजी-आजोबांनीही पहिल्या चार दिवसांत फोनवर बाळाचे तोंड पाहण्याचा हट्ट आवरावा. त्या वेळी तिकडे आई निजलेली असू शकते.

शेजारच्या आसनावरील वाचकांसाठी

या स्तंभाचे अनेक वाचक आता स्वतःच मुलांकडे परदेशी जातात. आपल्या शेजारी एखादी एकटी आई रडते बाळ घेऊन बसली, तर कपाळाला आठ्या घालू नका. आपल्या लेकीलाही असाच कुणी तरी शेजार मिळणार आहे. 'बेटा, मी धरतो जरा याला, तू जेवून घे,' एवढे म्हणावे. ती 'नको' म्हणाली तर राग मानू नये, अनोळखी हातात बाळ न देणे हा तिचा अधिकार आहे. पण विचारावे. तिने ताट पुढ्यात घेतले, दोन मिनिटे पाय मोकळे केले, तर आपण जे केले ते कोणत्याही सिरपने होण्यासारखे नाही.

बाळ रडले तर रडू द्यावे. तीनशे माणसांच्या विमानात एक बाळ अर्धा तास रडल्याने कुणाचे प्राण जात नाहीत. ते गप्प राहावे म्हणून दिलेल्या चमचाभर औषधाने मात्र जाऊ शकतात. तेव्हा पुढच्या वेळी कुणाची लेक निघणार असेल आणि दवाखान्यात यायचेच असेल, तर बाळाच्या झोपेचे औषध विचारायला येऊ नका. बाळाला आणि त्याच्या आईला, दोघांनाही तपासायला घेऊन या.